यंत्रात कपडे पडण्यापूर्वी : हर्सूलच्या पाण्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत, धुण्याच्या पूर्वतयारीचा इतिहास

#थ्रेड

१/ वॉशिंग मशीनचे बटण दाबण्याआधी घरात जे घडते, त्यालाही इतिहास आहे. खिसे तपासणे, पांढरे आणि रंगीत वेगळे काढणे, कॉलरला साबण लावून ठेवणे, साडीला स्वतंत्र फेरी देणे आणि नळाला पाणी येण्याचा दिवस पाहून हे सारे जुळवणे. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ही तयारी दोन पानांत आटोपते. प्रत्यक्षात तिच्यामागे परटाची भट्टी, सोवळ्याची वलणी, बिब्ब्याची खूण आणि बादलीचा हिशेब असा कित्येक पिढ्यांचा ऐवज आहे. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला असलेल्या हर्सूलपासून तो उलगडायला घेणे सोयीचे, कारण या शहराच्या पाण्याची गोष्ट त्याच बाजूने सुरू होते.

२/ १६१० साली मलिक अंबरने खडकी येथे निजामशाहीची राजधानी वसवली. जागा मोक्याची होती, पण पाण्याची चणचण होती. त्यावरचा उपाय म्हणजे नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे, हर्सूल-ओहर परिसरातील पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणले गेले. उपसा नाही, मोट नाही. केवळ जमिनीच्या उताराचा अचूक उपयोग. वाटेत हवा आणि दाब मोकळा करण्यासाठी मनोरे उभारले होते. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, मोगल सुभ्याचा पसारा वाढला, नहरींची संख्याही वाढली. पण पाणी वरच्या अंगाने येते आणि हर्सूल त्या वरच्या अंगाला आहे, हा भूगोल बदलला नाही.

३/ निजामी राजवट संपल्यानंतरच्या दशकात हर्सूलचा तलाव शहराच्या पाणीपुरवठ्यात आला. खाम नदीच्या खोऱ्यातील हे पाणी जुन्या शहराच्या वस्त्यांना मिळू लागले. १९७० च्या दशकात पैठणजवळच्या जायकवाडी प्रकल्पाचा आधार मिळाला आणि दिशा उलटली. हर्सूलचे पाणी उताराने खाली येत असे; नाथसागराचे पाणी पन्नासेक किलोमीटर अंतरावरून पंपांनी वर चढवावे लागते. धुण्याच्या इतिहासात हा फरक महत्त्वाचा आहे. उताराने येणारे पाणी वाहते असते, त्याच्या काठावर धुणे होते. चढवून आणलेले पाणी मोजून येते, ते साठवावे लागते. आणि साठवलेल्या पाण्यात धुण्याची रीत निराळी असते.

४/ पाण्याचा गुणधर्मही तितकाच निर्णायक. मराठवाड्याच्या काळ्या कातळातून वर येणाऱ्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबण आणि क्षार मिळून करडा साका तयार होतो आणि तो कपड्यावरच बसतो. पावसाचे किंवा तलावाचे पाणी तुलनेने हलके. म्हणून जुन्या घरांत डाळ शिजायला आणि कपडे धुवायला नदी-तलावाचे पाणी, इतर कामांना आडाचे, अशी वाटणी असे. जड पाण्यात आधी धुण्याचा सोडा विरघळवून मग कपडे टाकणे ही रसायनशास्त्राने समजावून सांगण्याआधीच हाताला बसलेली युक्ती होती.

५/ आता कपडे वेगळे काढण्याकडे. घराबाहेर कपडे धुणारा माणूस म्हणजे परीट. त्याच्यापुढचा पहिला प्रश्न स्वच्छतेचा नव्हता, ओळखीचा होता : वीस घरांची धोतरे एकाच भट्टीत जाणार, मग परत कोणाचे कोणाला द्यायचे? त्याचे उत्तर म्हणजे खूण. बिब्ब्याचा रस सुईच्या टोकाने कापडाच्या कोपऱ्यावर लावायचा, वर चुना द्यायचा. काळी, न धुतली जाणारी खूण उमटते. प्रत्येक घराची खूण वेगळी. ठिपके आणि रेघा यांची ती एक लिपीच होती. ती ज्याला वाचता येई, त्याला शाळेत जायला मिळाले असेलच असे नव्हते. पुढे पोलीस तपासातही बेवारस मृतदेहाची ओळख पटवण्यासाठी या खुणांचा उपयोग होऊ लागला.

६/ याच खुणेने दुसऱ्या महायुद्धात डॉक्टरांना कोड्यात टाकले. भारतात तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर खाजरे चट्टे उठत. चट्ट्यांची जागा आणि कपड्यावरील खुणेची जागा एकच आहे हे लक्षात आले, तेव्हा उलगडा झाला. १९४३ साली अमेरिकी वैद्यक नियतकालिकात या विकाराची नोंद परटाच्या खुणेचा त्वचादाह अशाच नावाने झाली. बिब्ब्यातील दाहक द्रव्य हे अमेरिकेतील विषारी आयव्ही वेलीच्या द्रव्याच्या जवळचे आहे. ‘बिब्बा उतणे’ म्हणजे काय, हे मराठी घरांना ठाऊक होतेच. हाताळणाऱ्या परटाच्या बोटांना तर ते रोजच ठाऊक होते.

७/ खुणेनंतर भट्टी. मळके कपडे खारवट मातीच्या किंवा पापडखार-सोड्याच्या पाण्यात बुडवून काढायचे, पिळून चुलीवरच्या मोठ्या भांड्याभोवती चळत रचायची आणि खालच्या उकळत्या पाण्याची वाफ रात्रभर त्यांतून जाऊ द्यायची. क्षार आणि उष्णता मिळून तेलकट मळ सैल होतो. सकाळी दगडावर आपटणे हे त्यानंतरचे काम. आपटण्याचा आवाज लांबवर जातो म्हणून धुणे म्हणजे आपटणे अशी समजूत झाली. पण मळ निघण्याचे निम्मे काम रात्रीच्या शांततेत झालेले असे. मग नीळ, खळ, इस्त्री. ‘परीटघडी’ हा शब्द मराठीत प्रतिष्ठेचा झाला. ती घडी घालणारा मात्र त्या प्रतिष्ठेचा वाटेकरी नव्हता.

८/ गावगाड्यात परीट हा बलुतेदार. वर्षभराच्या धुण्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने. लग्नात पायघड्या घालण्याचा मान, त्याबद्दल मानाचे काही. बाळंतिणीची, आजाऱ्याची, सुतकाची वस्त्रे त्याच्याकडे जात. इतरांचा मळ काढणाऱ्याला त्या मळाचाच भागीदार मानणे हा जातिव्यवस्थेचा न्याय होता. आणि उतरंड तिथे थांबत नव्हती : अस्पृश्य मानलेल्या जातींचे कपडे परीटही धुवायला घेत नसे. याच परीट समाजात अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. गाडगेबाबा म्हणून त्यांनी हातात झाडू घेतला आणि गावाची घाण हा गावाचाच प्रश्न आहे, हे कीर्तनातून गावालाच सुनावले.

९/ धुण्याला पाणी लागते आणि पाण्याला हात लावण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. औरंगाबादपासून जवळच असलेल्या दौलताबाद किल्ल्यावर १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह गेले. रस्त्याच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी प्रवेशद्वाराजवळच्या हौदाच्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. पाणी बाटवले म्हणून तिथे गलका झाला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. कपडे स्वच्छ ठेवा असा उपदेश ज्यांना सर्वाधिक झाला, त्यांनाच हौद, आड आणि घाट बंद होते. स्वच्छतेच्या कोणत्याही इतिहासात हे वाक्य आधी लिहावे लागते.

१०/ घराच्या आतली वाटणी आणखी वेगळी. उच्चवर्णीय मराठी घरात कपड्यांचे पहिले वर्गीकरण रंगावरून होत नसे, सोवळ्या-ओवळ्यावरून होई. सोवळ्याचे वस्त्र वेगळे धुवायचे, वेगळे पिळायचे आणि उंच वलणीवर काठीने वाळत घालायचे; कोणाचा स्पर्श होता कामा नये. रेशमी मुकट्याला रोज धुण्याचे बंधन नसे, सुती वस्त्राला असे. विटाळाच्या दिवसांतील कपडे तिसऱ्याच कोपऱ्यात. या साऱ्या फेऱ्यांचे श्रम घरातील बायकांचे, आणि सोवळे मोडल्याचा ठपकाही त्यांच्यावरच. आज पांढरे, रंगीत आणि पायपुसणी असे तीन ढीग घालणारा हात वर्गीकरणाचे निकष बदलून तेच जुने काम करीत असतो.

११/ रेशीम वेगळे काढण्यामागे मात्र भौतिक कारणही होते. हा प्रदेश हिमरू, मशरू आणि पैठणीचा. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र. मशरूत रेशीम दर्शनी बाजूला, सूत अंगाकडे. पैठणीत रेशमाला जरीची जोड. रेशीम हा प्राणिज, प्रथिनयुक्त धागा. सोड्यासारखा तीव्र क्षार त्याला झिजवतो, सुताला मात्र तो चालतो. म्हणून सुती धोतराला भट्टी आणि रेशमाला रिठ्याचे पाणी. रिठ्यातील फेसाळ द्रव्य क्षाराविनाच मळ सोडवते. पैठणीला तर पाणीही जपून. वापरानंतर सावलीत वारा द्यायचा आणि घड्या बदलत राहायच्या. यंत्रात न टाकायच्या कपड्यांची यादी यंत्र येण्यापूर्वीच तयार होती.

१२/ डागांचे ज्ञान हे तर स्वतंत्र शास्त्र. रक्ताचा डाग गार पाण्यात. गरम पाण्याने प्रथिन गोठते आणि डाग पक्का होतो. तुपातेलाचा डाग उलट ऊन पाण्यात, सोड्याबरोबर. हळदीचे प्रकरण सर्वांत मजेचे : पिवळ्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो, कारण हळदीतील रंगद्रव्य क्षारात रंग बदलते. हळदीपासून कुंकू करण्याची पारंपरिक कृती याच गुणधर्मावर उभी आहे. तो डाग घासून जात नाही, उन्हात विरतो. म्हणून हळदीच्या कार्यक्रमातले कपडे धुऊन कडक उन्हात टाकतात. हे ज्ञान सासूकडून सुनेकडे तोंडी गेले. त्याला कोणी विद्या म्हटले नाही, त्याची परीक्षाही झाली नाही. चुकले तर बोलणी तेवढी ठरलेली.

१३/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारातला साबण आला. लिव्हर कंपनीचा सनलाइट १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. १९५९ साली सर्फ आली, १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू केली आणि पावडर सामान्य घराच्या आवाक्यात आली. वडी घासायची असते, पावडर विरघळवायची असते. त्यामुळे बादलीत भिजवण्याची सवय रुजली. पावडरीतील कृत्रिम द्रव्ये जड पाण्यातही काम करतात, हा मराठवाड्याच्या दृष्टीने मोठाच फायदा. परटाच्या भट्टीतील रात्र आता न्हाणीघरातल्या बादलीत आली. वेळ तोच, जागा बदलली, आणि काम परटाकडून गृहिणीकडे सरकले.

१४/ यंत्राची वंशावळ थोडक्यात. १७६७ साली याकोब ख्रिस्तियान शेफर या जर्मन विद्वानाने धुण्याच्या यंत्राचा आराखडा छापला. एकोणिसाव्या शतकात हाताने फिरवायची लाकडी पिंपे आली. १९०८ च्या सुमारास शिकागोच्या हर्ली कंपनीने विजेवरचे ‘थॉर’ यंत्र बाजारात आणले. १९३७ साली ‘बेंडिक्स’ने धुणे, खंगाळणे आणि पिळणे एकाच पिंपात आपोआप करून दाखवले. या सर्व शोधांनी सोडवलेला प्रश्न एकच होता : आपटणे, चोळणे आणि पिळणे. ढीग लावणे, डाग ओळखणे, खिसा तपासणे यांपैकी काहीही कोणत्याही पेटंटात आले नाही.

१५/ अमेरिकी इतिहासकार रुथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच विसंगतीवर बोट ठेवले. घरकामाची यंत्रे आली, कष्टाची झीज कमी झाली, पण गृहिणीचे तास त्या प्रमाणात घटले नाहीत. कारण दोन : जे काम पूर्वी धोबीण, मोलकरीण किंवा घरातील इतरांत वाटले जाई ते एकीच्याच अंगावर आले, आणि स्वच्छतेची अपेक्षा वाढली. आठवड्यातून एकदा बदलायची चादर अधिक वेळा बदलली जाऊ लागली. मराठी शहरांतही परीट इस्त्रीपुरता उरला आणि धुणे घरात आले, तेव्हा याहून निराळे घडले नाही.

१६/ औरंगाबादचा या कथेतील वाटा अनपेक्षित आहे. चिकलठाणा आणि वाळूज येथे औद्योगिक वसाहती वाढल्या; १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तेल आणि ग्रीसने माखलेला गणवेश हा घराघरांतील धुण्याचा नवा प्रश्न बनला. आणि याच जिल्ह्यात, पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे, धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा पसारा उभा राहिला. दूरचित्रवाणी संचांपाठोपाठ कंपनीची वॉशिंग मशीन आली आणि दूरदर्शनवरील जाहिरातीने ती देशभर ओळखीची झाली. बोटभर काम न करता मिनिटांत कपडे स्वच्छ, हे त्या काळच्या साऱ्याच जाहिरातींचे आश्वासन. २०१८ साली ही कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. यंत्रे मात्र मराठवाड्यातील घरांत तोवर मुरली होती.

१७/ त्या पिढीचे यंत्र म्हणजे दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक. एकात धुणे, दुसऱ्यात पिळणे. पाणी हाताने भरायचे, हाताने सोडायचे. पूर्ण स्वयंचलित यंत्रे आल्यावरही हे मागासलेले समजले जाणारे यंत्र पाणीटंचाईच्या शहरांत टिकून आहे, आणि त्याचे कारण बादलीच्या हिशेबात आहे. साबणाचे पाणी एकदाच भरायचे. त्यात आधी पांढरे, मग फिके, मग गडद, शेवटी पायपुसणी. खंगाळलेले पाणी फरशीला किंवा संडासाला. स्वयंचलित यंत्र प्रत्येक फेरीला नवे पाणी घेते आणि जुने गटारात सोडते. ज्या घरात पाणी आठवड्याच्या बोलीवर येते, तिथे ही चैन परवडत नाही. पांढरे आधी टाकण्यात रंगाची काळजी जितकी, तितकीच पाण्याची आहे.

१८/ कपडाही बदलला. सुती-रेशमी एवढी दुनिया होती तिथे टेरिलीन, नायलॉन, ताणले जाणारे धागे आले. डोळ्यांनी आणि बोटांनी कापड ओळखणे अवघड झाले. म्हणून शिवणीत चिठ्ठी आली. १९६३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या संस्थेने टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि वर्तुळ या पाच चिन्हांची लिपी प्रसृत केली. अमेरिकेत १९७२ पासून धुण्याच्या सूचना लावणे सक्तीचे झाले. परटाची खूण कपडा कोणाचा ते सांगे. ही खूण कपड्याशी कसे वागावे ते सांगते. दोन्ही कोपऱ्यात लपलेल्या, आणि दोन्ही वाचणाऱ्यालाच वाचता येणाऱ्या.

१९/ या इतिहासाच्या उजेडात आजची पूर्वतयारी पाहिली, तर तिची एकेक पायरी सकारण दिसते. चेन लावून टाकायची, कारण तिचे दात शेजारच्या कापडाला ओरबाडतात. गडद कपडा उलटा करायचा, कारण घर्षणाने फिकी होते ती वरची बाजू. साडी सुटी न टाकता घडी घालून जाळीच्या पिशवीत, कारण सहावारी-नऊवारी लांबी इतर कपड्यांना दोरखंडासारखी आवळते. टब गच्च भरायचा नाही, कारण यंत्राचे आपटणे म्हणजे कपड्यांना मिळालेली हलण्याची जागा. पावडरीतील विकरांना डाग फोडायला वेळ लागतो, म्हणून भिजवणे. भट्टीची रात्र तासाभरावर आली, पण नाहीशी झाली नाही.

२०/ आणि तरीही पहिली पायरी पाण्याचीच. शहराला कित्येक वर्षे अनेक दिवसांच्या अंतराने नळाला पाणी मिळत आले आहे. डिसेंबर २०२० मध्ये सुमारे १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. हर्सूल तलावाचा आधार आजही जुन्या वस्त्यांना आहे. पावसाळ्यात तो भरला की बातमी होते, उन्हाळ्यात आटला की मोठी बातमी होते. जळगाव रस्त्यालगतच्या नव्या सदनिकांत स्वयंचलित यंत्र असते आणि त्याच्या शेजारी निळे पिंपही असते. टँकरचे पाणी, बोअरचे पाणी, नळाचे पाणी : कोणत्या पाण्यात कोणते कपडे, हा जुना निवाडा अजून घरातील बाईच देते.

२१/ आकडे हेच सांगतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. मुळात हे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच चौघांत एकाच्या आसपास. देशातील बहुसंख्य घरांत अद्याप वॉशिंग मशीन नाही; जिथे आहे तिथे ‘आता काय, मशीन धुते’ असे म्हटले जाते. ते म्हणणारा सहसा ढीग लावणारा नसतो.

२२/ मलिक अंबराच्या नहरीची नोंद इतिहासात आहे, कारण ती राजाच्या मंत्र्याने बांधली. त्या पाण्यात कपडे कसे भिजवायचे, हळदीला ऊन आणि रक्ताला गार पाणी कसे द्यायचे, एका टबात तीन ढीग कसे काढायचे, हे ज्यांनी शोधले त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. परटांच्या खुणांचे संग्रह झाले नाहीत. त्या लिपी वाचणारे शेवटचे लोक आज वृद्ध आहेत. जुन्या ट्रंकेतील एखाद्या धोतराच्या किंवा चादरीच्या कोपऱ्यावर काळे ठिपके दिसले, तर ते डाग समजून ब्लीचमध्ये टाकू नयेत. ते घराचे नाव आहे. (समाप्त)

#मराठवाडा #हर्सूल #श्रमांचा_इतिहास